फाटलेलं सांधायचं, ऋतूचं रांधायचं : लहान लेकरांच्या घराचं वर्षभराचं गणित

नांदेड असो की लातूर, घरात दोन-तीन लहान लेकरं असलेल्या बाईला कुणी विचारलं, "तुम्ही काय करता?" तर उत्तर ठरलेलं असतं, "काही नाही, घरीच असते." हे "काही नाही" किती मोठं असतं ते केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीने मोजून दाखवलं. घरकाम करणारी बाई त्यासाठी दिवसाला सरासरी 299 मिनिटं देते, म्हणजे जवळपास पाच तास. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाची सरासरी 97 मिनिटं निघाली. लेकरांना न्हाऊ-माखू घालणं, भरवणं, आजारपण काढणं हे पाहणीने वेगळं मोजलं आहे. ते या पाच तासांत धरलेलंच नाही.

या कामात वेळ जातो तशीच अक्कलही लागते. कोणतं कापड बाळाच्या अंगाला चालेल, कोणत्या महिन्यात कोणती भाजी स्वस्त आणि ताकदीची असते, पाणी चार दिवसांनी येणार असेल तर आज काय धुवायचं आणि काय ठेवायचं, हा सगळा हिशेब डोक्यात चालू असतो. आमच्या दाद्या-नान्यांना तो तोंडपाठ होता. आता घरं लहान झाली. सासू गावी आणि सून शहरात, त्यामुळे ही माहिती वाटेतच गळते आहे. म्हणून मराठवाड्यातल्या घरांतलं हे रोजचं शहाणपण आम्ही इथे कारणांसकट मांडतो आहोत.

सगळ्यात आधी पाणी

आपल्याकडे घरकामाचा क्रम पाणी ठरवतं. नांदेडला गोदावरी आणि विष्णुपुरीचा आधार आहे. लातूरची भिस्त मांजरा धरणावर. धरण आटलं की काय होतं ते लातूरने 2016 साली पाहिलं. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. 12 एप्रिलला पहिली गाडी आली तेव्हा दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. नंतर पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली आणि शंभराहून जास्त फेऱ्या झाल्या. त्या वर्षीचा रमजान जूनमध्ये, ऐन टंचाईत आला होता. वुजू, सहेरीची भांडी, तान्ह्या लेकराचे लंगोट, सगळं मोजक्या पाण्यात भागवायचं होतं.

तेव्हापासून अनेक घरांत एक शिस्त पक्की झाली. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी कुंड्यांना, कपडे विसळलेलं पाणी फरशीला आणि संडासात. प्यायचं पाणी वेगळ्या भांड्यात, झाकून, आणि काढायला दांड्याचं ओगराळं, म्हणजे लेकरांचे हात आत जात नाहीत.

साठवणुकीचे दोन धोके मात्र लक्षात ठेवायला हवेत. पहिला डासांचा. डेंग्यू पसरवणारा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप, हौद, कूलरची टाकी रिकामी करून आतून घासायची, म्हणजे ती साखळी तुटते. नुसतं पाणी ओतून दिलं तर भिंतीला चिकटलेली अंडी तशीच राहतात. घासणं म्हणूनच महत्त्वाचं. दुसरा धोका रांगत्या-चालत्या लेकरांचा. बादलीभर पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. पिंपाला घट्ट झाकण लावा आणि भरलेली बादली मोरीत उघडी सोडू नका.

बाळाचं पहिलं कापड जुनंच का?

बाळंतपण जवळ आलं की घरातल्या म्हाताऱ्या माणसांना जुनी सुती साडी, मलमलची ओढणी, वापरून मऊ झालेली लुंगी आठवते. हे कंजूषपणाने होत नाही. नव्या कापडाला कारखान्यातली खळ असते, ते अंगाला टोचतं आणि पाणी लवकर शोषत नाही. पन्नास वेळा धुतलेल्या सुती कापडातली खळ निघून गेलेली असते, धागा मोकळा झालेला असतो. ते ओल पटकन ओढून घेतं. लंगोट, दुपटं, झबलं, टोपडं यांना असंच कापड लागतं.

कापायच्या आधी कापड गरम पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवावं. झबल्याला बटण लावू नये, बंद लावावेत. बटण तुटलं की ते लेकराच्या तोंडातच जातं. शिवण बाहेरच्या बाजूला ठेवली तर काखेत आणि मानेला कापडाची कड घासत नाही. हे जरा उलटं दिसतं, पण पहिले तीन-चार महिने बाळाच्या कातडीला तेच बरं.

इथेच एका रिवाजाबद्दल बोलायला हवं. बाळाच्या टाळूला चावून मऊ केलेला खजूर लावण्याची, म्हणजे तहनीकची, सुन्नत आपल्याकडे पाळली जाते. काही घरांत त्याऐवजी किंवा त्यासोबत मध चाटवतात. मधात कधीकधी एका जिवाणूचे बीज असतात. मोठ्यांना त्याचा त्रास होत नाही, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करू शकतात. म्हणून एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला मध देऊ नये, असं डॉक्टर सांगतात. खजुराची तहनीक करायचीच असेल तर नुसता गर, नखाएवढाही नको, स्वच्छ हाताने, खोकला किंवा ताप नसलेल्या माणसाकडून आणि बाळाच्या डॉक्टरांना विचारून. पहिले सहा महिने आईचं दूधच, वरचं पाणीसुद्धा नको. दूध पाजण्याची पुरी मुदत कुरआनने सूरह बकरामध्ये दोन वर्षं सांगितली आहे. जागतिक आरोग्य संघटनाही सहा महिन्यांनंतर वरच्या अन्नासोबत दोन वर्षं आणि पुढेही दूध चालू ठेवायला सांगते.

गणवेश दोन वर्षं कसा टिकवायचा

जून उजाडला की शाळेचा गणवेश हा घरातला मोठा खर्च असतो. मूल दर वर्षी वाढतं, कापड वाढत नाही. त्यामुळे शिवून घेताना शिंप्याला सांगून पँटला, स्कर्टला, सलवारीला खाली दोन-तीन इंच दुमड ठेवून घ्यावी. पुढच्या वर्षी ती उसवून लांबी वाढवता येते. जुन्या घडीची रेघ दिसते, तिच्यावर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री फिरवली की बरीच पुसट होते. कमरेलाही अर्धा-पाऊण इंच शिवण जास्तीची सोडली तर तीही सैल करता येते.

गुडघा फाटला तर आधी बघायचं, कापड झिजलंय की नुसतं अडकून फाटलंय. खिळ्याला अडकून छोटी चीर पडली असेल तर रफू करावं. त्याच रंगाचा धागा घेऊन आधी उभे धागे भरायचे, मग त्यांच्यात एक वर एक खाली असे आडवे विणायचे, म्हणजे चिरेवर नवं कापडच तयार होतं. चिरेच्या चारी बाजूंनी बोटभर चांगल्या कापडापर्यंत रफू न्यावं, नाहीतर कडेला पुन्हा फाटतं. कापड घासून विरळ झालं असेल तर रफू टिकत नाही. तिथे ठिगळच हवं. ठिगळ त्याच गणवेशाच्या जुन्या तुकड्याचं असावं आणि एकदा धुतलेलं असावं, नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आकसतं आणि पँट चुणते. ठिगळाचा उभा धागा पँटच्या उभ्या धाग्याला जुळवून आतून लावायचा आणि कडा दुमडून बारीक टाक्यांनी बसवायच्या.

बटण लावताना ते कापडाला अगदी चिकटवून शिवलं की काजात घालताना ताण बसतो आणि आठवड्यात तुटतं. बटण आणि कापड यांच्यामध्ये काडेपेटीची काडी ठेवून टाके घालावेत, मग काडी काढून राहिलेल्या जागेत दोऱ्याचे तीन-चार वेढे द्यावेत. बटणाला मान तयार होते आणि ते वर्षभर हलत नाही.

हे सगळं करायला मशीन लागत नाही. धावदोरा, उलटी टीप, तुरपाई आणि काज, हे चार टाके येत असले की घरातली बहुतेक शिवण होते.

गोधडी : ऊब कापडाची नव्हे, हवेची

गोधडीला आपल्याकडे कुणी वाकळ म्हणतं, आमच्या बोलीत ती गुदडी. उन्हाळ्यात दिवस मोठा असतो, पोरांना सुट्टी असते, कापड धुतलं की तासाभरात वाळतं. म्हणून वाकळा मार्च ते मे या दिवसांत शिवल्या जातात आणि पावसाळी गारव्यात, हिवाळ्यात वापरल्या जातात.

खालचा आणि वरचा थर चांगल्या कापडाचा, मध्ये फाटक्या साड्या, ओढण्या, कुर्ते पसरायचे. अंगणात किंवा गच्चीवर अंथरून चारी कोपऱ्यांवर वजन ठेवायचं. आधी लांब टाक्यांनी सगळे थर एकत्र धरून घ्यायचे आणि मग कडेपासून सुरुवात करून आत-आत येत धावदोरा घालायचा. ऊब देते ती थरांमध्ये अडकलेली हवा. टाके फार दूर पडले तर आतलं कापड सरकून गोळा होतं आणि मध्ये थंड जागा राहतात. फार जवळ आणि घट्ट पडले तर हवाच राहत नाही, गोधडी फळीसारखी होते. दोन टाक्यांच्या ओळींत बोटभर अंतर बरं.

आता घरात जुन्या साड्या निघतात त्या बहुतेक सिंथेटिक. त्या टिकतात, पण घाम शोषत नाहीत. मोठ्यांच्या गोधडीत मध्ये घातल्या तर चालतात. लेकरांच्या गोधडीला निदान अंगाकडची बाजू सुती असावी. तान्ह्या बाळाला जड गोधडी अंगावर घालू नये आणि तोंड कधीच झाकू नये. त्याला अंगाखाली पातळ दुपटं आणि अंगात एक जादा झबलं पुरतं.

उन्हाळा : चिगूर, कैरी आणि वाळवण

नांदेड आणि लातूर 1948 पर्यंत हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होते. ती छाप अजून आपल्या चुलीवर आहे. चिंचेची खट्टी दाल, बघारे बैंगन, दालचा, सहेरीला खिचडी-खट्टा हे आपल्याकडे घरोघरी होतं. त्याच्याच शेजारी ज्वारीची भाकरी, ठेचा, धपाटे आणि येसरची आमटीही असते. दोन्ही चवी एकाच ताटात नांदतात.

उन्हाळ्याच्या तोंडाला चिंचेला कोवळा, तांबूस पाला फुटतो, तो चिगूर. तो चोळून, काड्या काढून गोश्तात किंवा तूर डाळीत घालतात. आंबट पाला, कैरी, लिंबू यांचा एक फायदा चवीपलीकडचा आहे. डाळी आणि पालेभाज्यांतलं लोह शरीराला सहज मिळत नाही, सोबत लिंबू-कैरीसारखं आंबट, क जीवनसत्त्वाचं काही असलं की ते जास्त शोषलं जातं. उलट जेवणावर लगेच चहा घेतला तर ते कमी मिळतं. हे महत्त्वाचं का? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या 67 टक्के लेकरांमध्ये रक्त कमी आढळलं. म्हणजे तीन लेकरांमागे दोन. चहा-बिस्किटावर लेकराची सकाळ निघत असेल तर ती सवय आधी मोडायला हवी. त्याऐवजी डाळीचं पाणी नव्हे तर घोटलेली घट्ट डाळ, भात, वर चमचाभर तेल-तूप आणि लिंबू द्या. जमेल तेव्हा कलेजी किंवा खिम्याचा बारीक घास द्या.

उन्हात खेळून लेकरू मलूल झालं, किंवा जुलाब-उलट्या लागल्या तर आधी पाण्याची भरपाई करायची. सरकारी दवाखान्यात, अंगणवाडीत, आशाताईंकडे ओआरएसची पाकिटं मिळतात. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त पडू देऊ नका, त्याने अपाय होतो. घोट-घोट पाजत राहायचं. लेकरू पेंगायला लागलं, डोळे खोल गेले, लघवी बंद झाली किंवा पाणीच टिकेना, तर घरी थांबायचं नाही.

याच दिवसांत कुरडया, पापड आणि शेवया होतात. शेवया आपल्यासाठी ईदच्या शीरखुर्म्याशी जोडलेल्या आहेत आणि त्यात एक गंमत आहे. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान, म्हणून रमजान दर वर्षी मागे सरकतो आणि सुमारे 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. 2016 मध्ये ईद जुलैत होती, तेव्हा मेमध्ये वळलेल्या शेवया ताज्या असतानाच वापरल्या गेल्या. 2026 ची ईद मार्चमधली. म्हणजे शीरखुर्म्याच्या शेवया आदल्या उन्हाळ्याच्या, दहा महिने ठेवलेल्या. त्या पावसाळ्यात सादळू नयेत म्हणून दोन-तीन उन्हं जास्त द्यायची, कडक वाळल्यावर पत्र्याच्या डब्यात घट्ट झाकून ठेवायच्या, पावसाळा संपल्यावर पुन्हा एकदा ऊन दाखवायचं. 2030 मध्ये तर एकाच इंग्रजी वर्षात रमजान दोनदा सुरू होईल, जानेवारीत आणि डिसेंबरअखेर. तेव्हा सहेरीला थंडीतली बाजरी-तीळ येतील आणि इफ्तारचं सरबत मागे पडेल.

पावसाळा : पाला आणि सावधगिरी

पाऊस पडला की तरोटा, घोळ, पाथरी अशा रानभाज्या बाजारात फडक्यावर मांडलेल्या दिसतात. अंबाडीही येते. अंबाडीचा पाला डाळीत किंवा ज्वारीच्या कण्यांत शिजवतात, आणि अंबाडा गोश्त तर दख्खनी घरांचा जीव आहे. रानभाजी ओळखीच्या बाईकडूनच घ्यावी. ओळखत नाही तो पाला कितीही कोवळा असला तरी आणू नये. चिखलमाती पायात येते म्हणून पाला तीन पाण्यांतून काढावा, आणि लेकरांसाठी पाणी उकळूनच वापरावं. या दिवसांत सकाळी मुरमुऱ्यांची सुशीला पटकन होते. तिच्यात भिजवलेले शेंगदाणे आणि मूठभर फुटाण्याचं पीठ घातलं तर शाळेत जाणाऱ्या लेकराला दुपारपर्यंत आधार राहतो.

हिवाळा : हुरडा, येळवस आणि वाळवलेली भाजी

थंडीत शेतं भरलेली असतात. लातूर भागात मार्गशीर्षाच्या अमावस्येला वेळा अमावस्या, म्हणजे येळवस, होते. ज्यांच्याकडे शेती नाही त्यांनाही शेतकरी मित्र आवर्जून बोलावतात. भज्जी, उंडे आणि ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील खायला कित्येक मुस्लीम कुटुंबं लेकरांना घेऊन शेतात जातात. भज्जीत किती प्रकारचे पाले आणि शेंगा असतात ते एकदा लेकरांना मोजायला लावा. भाजी ओळखण्याचा यापेक्षा चांगला धडा शाळेत मिळत नाही.

हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडून सावलीत वाळवून ठेवले की उन्हाळ्यात भाजी महाग असताना कामी येतात. जवसाची, तिळाची, कारळाची चटणी करून ठेवली तर भाकरीसोबत पोटाला जड जाणारं काही लागत नाही. थंडीच्या रात्री बाजरीची भाकरी, कुळथाचे शेंगोळे किंवा तुरीच्या डाळीतले वरणफळ हे एका भांड्यात होणारं, इंधन वाचवणारं जेवण आहे.

पाजणाऱ्या आणि गरोदर आयांसाठी एक गोष्ट. रोजा ठेवल्याने स्वतःच्या किंवा बाळाच्या तब्येतीला धोका वाटत असेल तर रोजा पुढे ढकलण्याची मुभा शरियतने दिली आहे. तब्येतीचं डॉक्टरांना आणि मसल्याचं जाणकार आलिमांना विचारावं. "लोक काय म्हणतील" म्हणून दूध आटेपर्यंत ओढत राहणं धर्मानेही सांगितलेलं नाही.

हे काम कुणाचं?

हजरत आयेशा (रजि.) यांच्या रिवायतींत येतं की प्रेषित (सल्ल.) घरात असत तेव्हा घरच्यांच्या कामात हात लावत, आपले कपडे स्वतः सांधत, आपली पादत्राणे स्वतः दुरुस्त करत. म्हणजे सुई हातात घेणं पुरुषाला कमीपणाचं आहे हे आपण कुठून आणलं, याचा विचार आपणच करायचा आहे. सात वर्षांच्या मुलाला बटण लावता येतं, नऊ वर्षांच्या मुलाला भाजी निवडता येते. मुलीला शिकवता त्याच दिवशी मुलालाही शिकवा. आईच्या पाच तासांतला अर्धा तास तिथूनच परत मिळतो.

या कामाची किंमत आता न्यायालयांनीही मानली आहे. जानेवारी 2021 मध्ये अपघात भरपाईच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामाचं मोल धरलंच पाहिजे, आणि तिचं काम कुटुंबाच्या व देशाच्या अर्थव्यवस्थेत भर घालतं. पण किंमत कळायला अपघात होण्याची वाट कशाला पाहायची?

आमची एक सूचना आहे. घरात एक वही ठेवा. महिनाभर लिहा : किती कपडे सांधले, बाहेर दिले असते तर शिंप्याने किती घेतले असते. फॉल-पिको घरी केलं तर किती वाचले. शेवया, पापड, लोणचं विकत घेतलं असतं तर काय पडलं असतं. महिनाअखेरीला बेरीज करा आणि ती वही घरातल्या कर्त्या माणसापुढे ठेवा. ही वाचलेली रक्कम घराची कमाईच आहे. तिच्यातला काही भाग बाईच्या नावाने बँकेत किंवा पोस्टात जमा व्हायला हरकत काय? पुढच्या वेळी कुणी विचारलं, "तुम्ही काय करता?" तर सांगायला आकडाही तयार असेल.